आधी खराटा, मग कीर्तन, शेवटी पंगत

वऱ्हाडातल्या परीट समाजात एके काळी बारसं म्हटलं की मटण आणि दारू आलीच. भाऊबंदांना जेवू घालायचं तर त्याशिवाय भागत नसे, मग सावकाराच्या दारात जावं लागलं तरी बेहत्तर. डेबूजी झिंगराजी जानोरकर नावाच्या तरुण शेतकऱ्याला पहिली मुलगी झाली. त्याने बारसं केलं, भाऊबंद बोलावले, पंगतही बसवली. पण पानात वाढलं गोडाचं जेवण. मंडळी चिडली. 1905 मध्ये हाच डेबूजी घरदार सोडून निघाला आणि लोकांचा गाडगेबाबा झाला.

या प्रसंगाकडे सहसा ‘दारूबंदीचा पुरस्कार’ म्हणून पाहिलं जातं. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. त्याने बारसं बंद केलं नाही. बारसं म्हणजे थोतांड असं भाषणही ठोकलं नाही. पाळणा हलला, नाव ठेवलं गेलं, माणसं मांडीला मांडी लावून बसली. विधीचा सांगाडा त्याने जसाच्या तसा ठेवला आणि त्यातला एकच सांधा बदलला. बदल नेमका अशा जागी होता की जेवायला बसलेल्या प्रत्येकाला तो स्वतःच्या जिभेवर कळला.

आज कलेच्या जगात ज्याला समाजाशी जोडलेली कला किंवा सामुदायिक कला म्हणतात, ती समजून घ्यायला हे बारसं फार उपयोगी पडतं. या प्रकारात कलाकार चित्र काढून भिंतीवर टांगत नाही. तो एखाद्या वस्तीत, गावात, कामगारांच्या गटात जातो आणि त्या लोकांबरोबर काहीतरी घडवून आणतो. ते एखादं जेवण असेल, मिरवणूक असेल, भिंत रंगवणं असेल, नाहीतर महिनोन्महिने चाललेल्या गप्पा असतील. शेवटी हातात वस्तू उरेलच असं नाही. लोकांमध्ये जे घडलं तीच कलाकृती. पाश्चात्त्य कलादालनांना आणि समीक्षकांना हे पचायला वेळ लागला, कारण मग विकायचं काय आणि जपून ठेवायचं काय हा प्रश्न येतो. सात दिवसांचा सप्ताह बसवणाऱ्या आपल्या गावकऱ्याला मात्र यात फारसं नवल वाटणार नाही.

सप्ताह म्हणजे काय, हे एकदा बाहेरच्या माणसाच्या नजरेने पाहा. सात दिवस वीणा जमिनीवर टेकवायची नाही. म्हणजे रात्री दोनलाही कोणीतरी ती गळ्यात घेऊन उभं असलं पाहिजे. त्यासाठी पहारा लागतो, पहाऱ्याची यादी होते, आणि त्या यादीत किराणा दुकानदाराचंही नाव असतं, दहावीला बसलेल्या पोराचंही. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. कोणी मांडव घालतो, कोणी वर्गणी गोळा करतो, कोणाच्या घरून भाकरी येतात, कोणाच्या घरून आमटी. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. यात केवळ बघायला आलेला असा कोणी नसतो. कीर्तनाला मागे बसलेली म्हातारीसुद्धा टाळी वाजवते आणि गजरात सूर मिसळते. तिने तसं केलं नाही तर कीर्तन तेवढं उणं राहतं.

विधीची पहिली ताकद ही. तो माणसाच्या शरीराला काम देतो. मत नंतर विचारतो, किंवा विचारतच नाही. नमस्कार करताना तुमचा देवावर किती विश्वास आहे याची चौकशी होत नाही. वाकलात की झालं. दुसरी ताकद पुनरावृत्तीची. तीच कृती, त्याच क्रमाने, सगळ्यांनी मिळून केली की ‘मी’ थोडा सैल होतो. आर्नोल्ड व्हान जेनेप या अभ्यासकाने 1909 मध्ये लिहिलं की एका अवस्थेतून दुसरीत नेणाऱ्या विधींना तीन टप्पे असतात: नेहमीच्या जगण्यातून बाजूला काढणं, मधल्या उंबरठ्यावर ठेवणं, आणि बदललेल्या रूपात परत आणणं. हळद लागलेली नवरी घराबाहेर का पडत नाही, याचं उत्तर या मधल्या टप्प्यात सापडतं. ती तेव्हा धड माहेरची नसते, धड सासरची नसते. पुढे व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने याच उंबरठ्यावर लक्ष केंद्रित केलं. त्याचं म्हणणं असं, की तिथे मोठा-लहान, मालक-चाकर हे भेद काही काळ विरघळतात आणि माणसं एकमेकांना नुसती माणसं म्हणून भेटतात.

समाजाशी जोडलेली कला करणाऱ्यांना नेमका हाच उंबरठा हवा असतो, म्हणून ते विधीच्या आसपास घोटाळताना दिसतात.

गाडगेबाबांनी या उंबरठ्याचा जो वापर केला तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यांचं कीर्तन रात्री असे, पण कार्यक्रम सुरू व्हायचा त्याच्या कितीतरी आधी. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात गाडगं आणि खराटा घेतलेला एक माणूस गावात शिरायचा आणि कोणाशी न बोलता रस्ता झाडायला लागायचा. गावाला प्रश्न पडायचा, हा कोण? थोड्या वेळाने एखादं पोर, मग एखादा बाप्या हातभार लावायचा. संध्याकाळपर्यंत गाव झाडून स्वच्छ झालेलं असायचं, आणि मग रात्री त्याच झाडलेल्या जागेवर ‘गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला’चा गजर. ज्याने दिवसा खराटा धरला तो रात्री श्रोता म्हणून बसला तरी आता नुसता श्रोता राहिलेला नसे. त्याच्या अंगाला त्या जागेची धूळ लागलेली असे.

कीर्तनातही त्यांनी रचना आपल्या पद्धतीने वळवली. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व सांगतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. वारकरी कीर्तनकार एक अभंग घेतो, त्याचा एकेक चरण सोडवतो, मागे उभे टाळकरी ध्रुपद उचलतात. गाडगेबाबांकडे संस्कृत वचनं नव्हती, अक्षरओळखही नव्हती. त्यांच्याकडे प्रश्न होते, आणि ते वऱ्हाडी बोलीत होते. देव बोकड मागतो का? कर्ज काढून सण करणाऱ्याचं पुढे काय होतं? तुमच्यापैकी कोणाचं पोर शाळेत जात नाही? प्रश्न टाकून ते थांबत आणि उत्तर लोकांच्या तोंडून वदवून घेत. शेकडो माणसं एका सुरात ‘नाही’ म्हणतात तेव्हा त्या ‘नाही’चं वजन उपदेशापेक्षा वेगळंच असतं. सकाळी शेजाऱ्याने त्याच बोकडाला गंध लावलं तर तो कालच्या स्वतःच्याच आवाजाशी भांडत असतो. 8 नोव्हेंबर 1956 रोजी वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांनी केलेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, 20 डिसेंबरला, ते गेले. हे मुद्रण नुसतं बाबांसाठी ऐकू नका. समोरून येणाऱ्या उत्तरांसाठी ऐका.

आणखी एक बदल त्यांनी केला, ज्याची चर्चा कमी होते. वारकऱ्यांत एकमेकांच्या पाया पडायची रीत आहे, आणि ती फार सुंदर आहे, कारण म्हाताराही पोराच्या पाया पडतो. पण कीर्तनकाराच्या बाबतीत ती एकतर्फी होऊ शकते: तो नारदाच्या गादीवर उभा, बाकीचे वाकणारे. गाडगेबाबा कोणाला पाया पडू देत नसत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असं ते स्पष्ट सांगत. समुदायाबरोबर काम करणाऱ्या कलाकाराला हे आजही जमत नाही. लोकांनी केलेल्या कामाचं श्रेय शेवटी माहितीपत्रकावर एकट्याच्या नावाने छापलं जातं.

खराट्याचं म्हणाल तर न्यूयॉर्कमध्ये एका कलाकार बाईनेही तो हातात घेतला, जरा वेगळ्या रीतीने. मिर्ल लॅडरमन युकलीस. वडील रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू. घरात कर्मकांड काटेकोर. 1968 मध्ये ती आई झाली आणि दिवसभर धुणं, पुसणं, भरवणं यात बुडाली. कलाकार म्हणून आपण संपलो की काय, या रागातून 1969 मध्ये तिने एक जाहीरनामा लिहिला: हे रोजचं राखणीचं काम हीच माझी कला. त्यात तिने एक खवचट प्रश्नही विचारला होता, की क्रांती झाल्यावर सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार? 1973 मध्ये तिने हार्टफर्ड शहरातल्या एका संग्रहालयाच्या पायऱ्या आणि फरश्या घासून धुतल्या, तीच कलाकृती म्हणून.

1976 मध्ये तिने एका मोठ्या इमारतीतल्या 300 सफाई-देखभाल कामगारांना सोबत घेऊन काम केलं. त्यावर एका समीक्षकाने थट्टा केली, की असं असेल तर महापालिकेच्या स्वच्छता खात्यानेही आपलं काम कला म्हणून दाखवावं आणि सरकारी अनुदान घ्यावं. शहर तेव्हा दिवाळखोरीच्या काठावर होतं. युकलीसने ही थट्टा अगदी मनावर घेतली आणि ते कात्रण खात्याच्या आयुक्तांना पाठवून दिलं. त्यांनी तिला बोलावून घेतलं. 1977 पासून ती त्या खात्याची बिनपगारी निवासी कलाकार झाली.

24 जुलै 1979 ते 26 जून 1980 या काळात तिने शहरातल्या सगळ्या म्हणजे सुमारे 8,500 सफाई कामगारांना एकेक करून गाठलं. प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं आणि प्रत्येकाला एकच वाक्य म्हटलं: न्यूयॉर्क शहर जिवंत ठेवल्याबद्दल तुमचे आभार. एवढंच. पण 8,500 वेळा, तोच हात, तेच शब्द. पन्नासाव्या वेळेपर्यंत हे सौजन्य असतं. पुढे कधीतरी ते जपासारखं होत असणार. कामगार तिला लोक कसं बोलतात ते सांगू लागले, कचरेवाला म्हणून होणारा अपमान सांगू लागले, आणि तिने तेही नोंदवून घेतलं.

यात कीर्तनासारखी कथा नाही, गाणं नाही, देव तर नाहीच. तरी विधीची हाडं सगळी आहेत: ठरलेली कृती, ठरलेले शब्द, कोणालाही न वगळण्याचा नेम. आपल्याकडे हेच केलं तर त्या हस्तांदोलनाचा अर्थ आणखी जड होईल. सफाईचं काम इथे जातीने वाटून दिलेलं आहे आणि स्पर्श हाच शतकानुशतकं वादाचा विषय राहिला आहे. न्यूयॉर्कमध्ये तो आभाराचा हात होता. इथे तो हिशेब विचारणारा हात ठरेल, आणि हात पुढे करणारा कोणत्या घरचा आहे हे समोरचा आधी पाहील. मला वाटतं, त्याने पाहावंच.

कारण विधीतली समता फार लवकर भोळेपणाने स्वीकारली जाते. टर्नरने तीर्थयात्रांवर लिहिताना पंढरीच्या वारीचाही विचार केला आणि त्यासाठी इरावती कर्वे यांच्या लेखनाचा आधार घेतला. कर्वे स्वतः वारीत चालल्या होत्या. ज्याचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी महाराष्ट्राची नवी व्याख्या आपल्याला सापडली, असं त्यांनी लिहिलं. पण त्याच लेखात त्यांनी दुसरीही गोष्ट नोंदवली. एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसत. दिवसभर एकच अभंग आणि संध्याकाळी चुली वेगळ्या. कर्वे मराठ्यांच्या पंगतीत जाऊन जेवल्या तेव्हा कुठे तिथल्या माणसांशी मोकळेपणा आला. उंबरठ्यावर भेद विरघळतात हे खरं. स्वयंपाक सुरू झाला की ते पुन्हा घट्ट होतात, हेही तितकंच खरं. आणि दलितांना तर देवळाचा उंबरठाच बंद होता. चोखोबाची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे, आणि विठ्ठलाचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं.

गाडगेबाबांना हे पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्यांचं काम गजरावर थांबलं नाही. कीर्तनानंतर पंगत असे आणि तीत जात पाहून पान मांडलं जात नसे; ते स्वतः मात्र मागून आणलेल्या भाकरीवर राहत. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, ज्यांना कुठे पथारी टाकू देत नव्हते त्यांच्यासाठी, आणि 1949 मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. खराटा, कीर्तन, पंगत, धर्मशाळा असा हा क्रम आहे, आणि यातलं नुसतं कीर्तन उचललं तर उरतो तो चांगला वक्ता.

आपल्याकडे आज बहुतेक वेळा तेवढंच उचललं जातं. कोणत्याही योजनेचा प्रचार करायचा की भारूड आलं, वासुदेव आला, पोवाडा आला. हगणदारीमुक्तीचा वासुदेव, लसीकरणाचा गोंधळ, मतदानाची दिंडी. कडू गोळी गुळात घालून द्यावी तसा हा प्रकार, आणि ऐकणाऱ्याला गूळ संपला की गोळी बरोबर लागते. दोष कलावंतांचा नाही. त्यांना संहिता हातात मिळते आणि मानधनही वेळेवर मिळत नाही. दोष विधीला वेष्टन समजण्याचा आहे. पहाटे दारात आलेल्या वासुदेवाला सुपातलं धान्य घालायचं असतं, तेव्हा घरची बाई उंबऱ्यापर्यंत येते आणि वासुदेव पूर्वजांच्या नावाने दान पावल्याचं गातो. त्या देण्याघेण्यात त्याची सगळी जादू आहे. मैदानात ध्वनिवर्धकावरून गाणाऱ्या वासुदेवाला कोणी काही देत नाही. मोरपिसांची टोपी तेवढी शिल्लक राहते.

2000-01 मध्ये राज्य सरकारने गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. त्याने अनेक गावांचं रूप पालटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्पर्धेमुळे ईर्षा आली, ईर्षेमुळे गाव उठलं. पण स्पर्धेला तपासणी समिती असते, आणि समिती कधी येणार हे गावाला कळतं.

या बाबतीत तुकडोजी महाराजांनी जास्त टिकाऊ सोय करून ठेवली, असं माझं मत आहे. त्यांच्या खंजिरीने 1942 मध्ये चिमूर-आष्टीचा परिसर पेटला आणि त्यांना तुरुंगात जावं लागलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यापेक्षा साधी गोष्ट म्हणजे रामधून. पहाटे उठायचं, आपापल्या दारासमोरचा रस्ता झाडायचा, सडा टाकायचा, रांगोळी घालायची आणि मग सगळ्यांनी भजन म्हणत गावातून फेरी काढायची. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. यासाठी महाराज हजर असण्याची गरज नाही, मोठा कलावंत लागत नाही, खर्च नाही. गाडगेबाबांसारखं कीर्तन दुसऱ्या कोणाला साधलं नाही. रामधून मात्र विदर्भातल्या कुठल्याही गावातल्या गुरुदेव सेवा मंडळाला चालवता येते. सामुदायिक काम करू पाहणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यावा. कलाकार गेल्यावर लोकांच्या हातात करण्यासारखं काय उरतं, तेवढं त्याचं काम.

एवढं सगळं आतून सुधारण्याबद्दल झालं. पण काही विधी असे असतात की त्यांचा एखादा सांधा बदलून भागत नाही. तिथे महात्मा फुल्यांचा मार्ग वेगळा होता. 25 डिसेंबर 1873 रोजी सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह झाला, भटाशिवाय. लोकांच्या सहसा लक्षात येत नाही ती पुढची गोष्ट. फुल्यांनी भट काढला आणि त्याची जागा मोकळी सोडली नाही. त्यांनी मराठीत नवी मंगलाष्टकं रचली. त्यांत वधू आणि वर स्वतः बोलतात: ती स्त्रियांच्या हक्कांचं काय ते विचारते, तो सगळ्यांसमक्ष वचन देतो. 1887 मध्ये त्यांनी मंगलाष्टकांसह सगळ्या पूजाविधींची पुस्तिकाच छापली. पुरोहिताशी भांडणारा हा माणूस लोकांना नवे विधी लिहून देत होता, कारण लग्नाच्या मांडवात जमलेल्या माणसांना काहीतरी म्हणायचं असतं, काहीतरी करायचं असतं, हे त्याने ओळखलं होतं. कवीचं काम होतं ते, आणि फुले कवी होतेच.

हे जुनं झालं म्हणावं, तर मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं नको, बांगड्या फोडणं नको, मंगळसूत्र काढणं नको. राज्य सरकारने पाठोपाठ परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव हवाच होता, आणि तो गावानेच केला हे फार मोलाचं. पण त्या दिवशी घरात काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. अंगणात तिरडी बांधणं चाललेलं, आत ती बाई बसलेली, भोवती आयाबाया. आजवर या क्षणी काय करायचं ते त्यांना ठरवून दिलेलं होतं. क्रूर होतं, पण ठरलेलं होतं. आता ते करायचं नाही. मग तिच्या हाताशी कोणी बसायचं, काय म्हणायचं, कोणतं गाणं धरायचं? एखाद्या गावातल्या ओव्या जाणणाऱ्या बायका आणि त्यांच्यासोबत राहायला तयार असलेला एखादा कलावंत यांनी मिळून हे शोधायला हवं. ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात ते लिहिता येणार नाही, आणि शहरातून संहिता पाठवूनही ते होणार नाही.